धुपाटणं

‘त्यांना स्वतःचं हित कळत नाही.’ या वाक्यातला ‘त्यांना’ फार सोयीचा आहे. टोरांटोत बसून म्हटलं की तो नॉर्थ डकोटातला शेतकरी असतो, पुण्यात बसून म्हटलं की वाशिमचा. आणि टोरांटोतलं घर मराठी असेल तर एकाच पंगतीत दोघांनाही वाढून होतं. म्हणणारी माणसं वाईट नसतात, हीच अडचण. सरकारी दवाखाने चांगले असावेत, हवा स्वच्छ असावी, जातीधर्मावरून कुणाला त्रास होऊ नये, असं मनापासून वाटणारी ही माणसं. सीमेपलीकडच्या तेलाच्या राज्यात लोक वर्षानुवर्षं रिपब्लिकन पक्षालाच मत देतात आणि इकडे हमीभावाखाली सोयाबीन विकून आलेला माणूस सत्तेतल्याच पक्षाचं बटण दाबतो, याचं त्यांना खरोखर वाईट वाटतं. मग कुणीतरी म्हणतं, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. त्यावर सगळे हसतात आणि विषय संपतो. माझा मात्र त्या धुपाटण्यापाशीच अडतो.

ही म्हण ज्या गोष्टीवरून आली ती आता फारशी कुणी सांगत नाही. धुपाटणं म्हणजे धूप जाळायचं भांडं. वर पसरट वाटी, मध्ये बारीक कंबर, खाली टेकायला बैठक. आणि ही बैठक आतून पोकळ, म्हणजे भांडं उलटं केलं की तीही एक वाटीच. गोष्टीतला वेडा हे घेऊन वाण्याकडे जातो. वरच्या वाटीत तेल घेतो. तूप कशात घ्यायचं म्हणून भांडं उलटं करतो आणि बैठकीत तूप घेतो. तेल जमिनीवर. घरी गेल्यावर ‘तेल कुठंय?’ असं विचारतात, तर ‘हे काय, या बाजूला’ म्हणून पुन्हा उलटं करतो. तूपही जमिनीवर. एवढीच गोष्ट, पण तिच्यात कुणी न विचारलेले प्रश्न बरेच आहेत. दोन जिन्नस आणायला धाडताना एकच भांडं का दिलं? घरात दुसरं नव्हतं का? वाण्यानं तर डोळ्यांदेखत तेल सांडताना पाहिलं, तरी त्यानं तूप घातलं आणि दोन्हींचे पैसे घेतले. त्याच्यावर म्हण का नाही झाली? आणि तेल रोजचं, तूप सणावाराचं. तेलावाचून फोडणी अडते. तूप नसलं तर अडत काहीच नाही, फक्त पानावर बसलेल्या पाहुण्याला ते लक्षात राहतं. मत हेही असंच एक भांडं असावं. पाच वर्षांतून एकदा हाती येतं, त्यातच भाव आणायचा, रस्ता-दवाखाना आणायचा आणि मानही आणायचा. एक घ्यायला उलटं केलं की दुसरं सांडतं. हे रूपक फार चटकन सुचलं, म्हणून त्याच्यावर पुरता विश्वास बसत नाही. ते नॉर्थ डकोटात घासून पाहावं म्हटलं.

तिथे गोष्ट भलतीकडेच जाते. हे राज्य कॅनडाच्या सास्कॅचवान आणि मॅनिटोबा या प्रांतांना लागून आहे. १९५१ साली तिथे खनिज तेल सापडलं, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत बाकन नावाच्या खडकथरातून इतकं तेल निघालं की हे राज्य अमेरिकेतल्या मोठ्या तेल-उत्पादकांत गणलं जातं. राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट उमेदवार तिथे शेवटचा जिंकला तो १९६४ साली. ट्रम्प तिन्ही वेळा ६० टक्क्यांहून अधिक मतं घेऊन गेले. २०१८ साली ट्रम्प यांच्या आयातशुल्कामुळे चीनने अमेरिकी सोयाबीन घेणं जवळपास थांबवलं. या राज्याचं सोयाबीन मुख्यतः तिकडेच जायचं. त्याच वर्षी त्या शुल्कावर टीका करणाऱ्या डेमोक्रॅट सिनेटर हायडी हाइटकँप यांना तिथल्या मतदारांनी पाडलं. म्हणजे धुपाटणं हातात आहेच, असं टोरांटोकरानं म्हणावं. पण याच राज्याच्या मालकीची बँक आहे, १९१९ साली काढलेली. अमेरिकेत राज्य सरकारची अशी सर्वसाधारण बँक दुसरी टिकून नाही. राज्याच्याच मालकीची पिठाची गिरणी आहे, १९२२ पासून चालू असलेली. गव्हाची प्रत मुद्दाम खालची ठरवून, वजनात कपात करून मिनियापोलिसचे व्यापारी लुटतात, या संतापातून १९१५ साली ‘नॉनपार्टिझन लीग’ उभी राहिली होती. बँक आणि गिरणी ही तिची कमाई. लीगची सत्ता गेली, राज्य उजवीकडे गेलं, तरी दोन्ही संस्था कुणी विकल्या नाहीत. कंपन्यांनी शेती करू नये असा तिथला १९३२ पासूनचा कायदा. तो सैल करायचा घाट विधिमंडळानं घातला, तेव्हा २०१६ च्या जूनमध्ये सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी तो उधळून लावला. त्याच नोव्हेंबरात त्याच लोकांनी ट्रम्प यांना भरभरून मतं दिली. तेलाच्या करातला ३० टक्के हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवायचा, हेही त्यांनीच २०१० साली मतदानानं ठरवलं. या माणसांना हित कळत नाही म्हणायचं तर कोणत्या अर्थानं? बहुधा त्यांच्याकडे भांडी दोन आहेत: एका कायद्यावर वेगळं मत देता येतं, त्यात ते तेल आणतात, पक्षाच्या मतात तूप आणतात. तसं असेल तर माझं रूपक तिथे लागूच होत नाही, कारण एकही थेंब सांडत नाही. किंवा सांडत असेल, पण टोरांटोच्या खिडकीतून दिसतं त्या जागी नाही.

त्या खिडकीबद्दल बोलायचं तर आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही दुसरी म्हण तयारच आहे. बाकनचा खडक सीमेशी थांबत नाही, सास्कॅचवानच्या पोटातही गेलेला आहे. कॅनडा स्वतः जगातल्या मोठ्या तेल-उत्पादकांपैकी एक, आणि त्यातलं बहुतेक तेल अल्बर्टातल्या तेलवाळूतून येतं. पुरोगाम्यांचे लाडके, तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो. त्यांच्या सरकारनं २०१८ साली ट्रान्स माउंटन ही तेलवाहिनी साडेचार अब्ज कॅनेडियन डॉलरना विकत घेतली. १७ जून २०१९ रोजी तिथल्या संसदेनं हवामान-आणीबाणीचा ठराव केला आणि १८ जूनला मंत्रिमंडळानं त्याच वाहिनीच्या विस्ताराला मंजुरी दिली. मध्ये एक रात्र. सास्कॅचवाननंच १९४४ साली टॉमी डग्लस यांचं समाजवादी सरकार निवडून दिलं होतं, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा १९६२ साली पहिल्यांदा तिथेच मिळाली. तिचा आज प्रत्येक पुरोगामी कॅनेडियनाला अभिमान असतो. आणि आज तो प्रांत संसदेत जवळजवळ सगळे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार धाडतो. पण दांभिकपणा दाखवून दिला की समोरच्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. वाकून पाहणाऱ्यालाही कधीकधी खरंच दिसतं. तेव्हा ही म्हण इथेच ठेवून दिलेली बरी. ती हाताशी आली की विचार थांबतो.

आमचं वाशिमही एका अर्थानं तेलाचाच मुलूख. खरिपात बघावं तिकडे सोयाबीन. तरी ‘तेलबिया’ म्हणून ज्याचा गौरव होतो त्या दाण्यात तेल जेमतेम १८ टक्के. उरते ती पेंड, आणि भाव बराचसा या पेंडीवर, म्हणजे ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकावर हलतो. २०२१ साली भाव चढले तसं ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली आणि डिसेंबरात सोयाबीनचे वायदे बंद झाले. बाजार समितीत मात्र हे ब्राझील दिसत नाही. दिसतं ते मूठभर दाणे ओतलेलं एक लहानसं यंत्र आणि त्याच्यावर उमटलेला आकडा. ‘मॉइश्चर चौदा’ असं कुणीतरी म्हणतं आणि भाव तिथेच खाली येतो. शेतकरी तोच दाणा दाताखाली धरून कडक आवाज ऐकवतो, पण यंत्र ऐकत नाही. शंभर वर्षांपूर्वी नॉर्थ डकोटात ज्यावरून आग लागली ती हीच कपात. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट होती. ती २०२४ च्या नोव्हेंबरात १५ टक्के करून मिळाली, विधानसभेच्या मतदानाच्या जेमतेम पाच दिवस आधी. वाण्यानं त्या दिवशी तेल मोजून घातलं म्हणायचं.

यावर रास्त आक्षेप असा, की मान-अपमानाचं राजकारण कुणीतरी रचतं, त्याला पैसा पुरवतं, आणि तुपाच्या नावाखाली वनस्पती खपवतं. तेलकंपन्या काही मानासाठी प्रचारात पैसे ओतत नाहीत. हे मान्यच करायला हवं. पण मग तीच चाळणी दुसऱ्यालाही लावावी लागते. जास्त कर भरायला तयार होऊन पुरोगामी पक्षाला मत देणारा सधन माणूसही स्वतःच्या खिशाविरुद्धच मत देतो. त्याला आपण तत्त्वनिष्ठ म्हणतो. सोयाबीनवाल्यानं तेच केलं की तो भुलला. तत्त्व परवडायला किती एकर जमीन लागते? दुसरा आक्षेप असा, की वाशिमला नॉर्थ डकोटाच्या मापात बसवणंच चूक. हेही खरं. इथे कुणीच सरकार लहान करा म्हणत नाही. हमीभाव, कर्जमाफी, महिन्याचे १५०० रुपये, सगळे पक्ष देणारेच. शिवाय याच वाशिमनं १९८० आणि १९८४ साली जम्मूकडच्या डोड्याहून आलेल्या गुलाम नबी आझादांना लोकसभेत पाठवलं होतं. त्याला मतदारसंघाची उदारता म्हणावं, की दिल्लीनं दिलेला उमेदवार मुकाट घेण्याची तेव्हाची सवय? तेव्हा आपल्या हिताचं मत दिलं आणि पुढे पाच वेळा शिवसेनेच्या भावना गवळींना देताना हित विसरलं, असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही. उलट म्हणायलाही नाही.

कॅनडा आणि वाशिम यांच्यात एक धागा तर चक्क वाटाण्याचा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात भारतानं वाटाण्यावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा सास्कॅचवानचा शेतकरी अडचणीत आला. २०२३ च्या डिसेंबरात पिवळा वाटाणा शुल्कमुक्त झाला, तो कॅनडा-रशियातून येऊन पडला आणि इथे तूर-हरभऱ्याच्या भावावर बसला. २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा ३० टक्के शुल्क आलं. एकाचं तेल सांडतं तेव्हा दुसऱ्याच्या वाटीत पडतं, आणि दोघंही साधारण सारख्याच धाटणीच्या पक्षांना मत देतात. टोरांटोच्या त्या जेवणात डाळ स्वस्त आहे की महाग, हे कुणी विचारत नसावं.

२०२४ च्या जूनमध्ये विदर्भातल्या लोकसभेच्या दहापैकी सात जागा विरोधी आघाडीनं घेतल्या. यवतमाळ-वाशिमही त्यांच्याकडे गेलं. सोयाबीन-कापसाचा राग असं सगळ्यांनी लिहिलं. भाव तर नोव्हेंबरातही हमीभावाखालीच होता, आणि तेव्हा राज्यात सत्ताधारी महायुतीनं विधानसभेच्या २८८ पैकी २३० च्या वर मजल मारली. वाशिम आणि कारंजा भाजपकडे, रिसोड तेवढं काँग्रेसकडे. मधल्या पाच महिन्यांत हित बदललं, की कळेनासं झालं, की तेव्हाही ते एकाच वाटीत नव्हतं? गोष्टीतला वेडा भांडं दोनदा उलटं करतो: एकदा दुकानात, आणखी काही मिळावं म्हणून, एकदा घरी, कुणी विचारलं म्हणून. जूनमधलं यातलं कोणतं आणि नोव्हेंबरातलं कोणतं, हे मला अजून लावता आलेलं नाही.