दऱ्या की दर्या?

बेळगावच्या शाळेत तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माझ्या आईला शब्दकोड्यांचा भारी नाद. तिच्यासाठी मी संगणकावर एक खेळ केला. दिलेल्या अक्षरांतून शब्द जुळवायचा. तो यादीत असला की गुण.

हजारो शब्दांची यादी दर वेळी पहिल्यापासून कोण चाळणार? म्हणून ‘हॅश टेबल’ वापरले. शब्दाच्या अक्षरांवरून गणिताने एक आकडा काढायचा, तोच त्याच्या कप्प्याचा क्रमांक. शोधतानाही तेच गणित करून थेट त्या कप्प्यात हात घालायचा. १९५३ साली आय.बी.एम.मधील हान्स पीटर लून यांनी सुचवलेली ही युक्ती.

पहिल्याच दिवशी आईने ‘दऱ्या’ लिहिले. खेळ म्हणाला, ‘असा शब्द नाही.’

“अरे, डोंगरदऱ्या म्हणतोच की आपण!” आई खट्टू झाली.

शोधले, तेव्हा उलगडा झाला. यादीत तो ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून लिहिलेला, आईच्या कळफलकावर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर. डोळ्यांना शब्द एकच, गणिताला दोन, म्हणून कप्पेही निराळे. अदृश्य चिन्ह सरसकट पुसावे, तर दऱ्यांचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र! शेवटी यादीतला असो वा आईचा, प्रत्येक शब्द गणिताआधी ‘ऱ’च्या एकाच पद्धतीत आणला.

संध्याकाळी आईला गुण मिळाले.

“म्हणजे माझं चुकलं नव्हतं ना?”

“नाही गं आई. माझंच चुकलं होतं.”

तिने लगेच पुढचा शब्द लिहायला घेतला.