किती फुटांवरून

पहिला कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला जो तो एकच विचारतो, बजेट किती? प्रश्न रास्त आहे, पैसे कष्टाचे असतात. पण त्याच्याही आधी एक प्रश्न यायला हवा आणि तो सहसा कुणी विचारत नाही. ज्याचा फोटो काढायचा आहे, त्याच्यापासून किती फुटांवर उभं राहायला तुम्हाला आवडेल? माझ्या मते सगळी खरेदी या उत्तरावर ठरते. लेन्सच्या कडेवर मिलिमीटरचा जो आकडा कोरलेला असतो, तो व्यवहारात अंतराचा आकडा असतो.

हिशेब साधा आहे. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी मापाचा, साधारण 22 बाय 15 मिलिमीटरचा असतो. कॅमेरा उभा धरून साडेपाच फुटी माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत बसवायचा म्हटला, तर 18 मिलिमीटरच्या लेन्सने तुम्ही त्याच्यापासून साडेचार-पाच फुटांवर असता. 50 ला साधारण 12 फुटांवर. 250 ला 60 फुटांच्याही मागे, म्हणजे रस्त्याच्या पार पलीकडे. पहिल्या अंतरावर तो तुमच्याशी बोलत असतो. दुसऱ्या अंतरावर तो तुम्हाला पाहून पदर किंवा टोपी नीट करतो. तिसऱ्या अंतरावर तुम्ही आहात, हेच त्याच्या गावी नसतं. तिन्ही फोटोंत माणूस तोच, उंची तीच. तुमच्या दोघांमधलं नातं मात्र निराळं, आणि ते फोटोत उतरल्याशिवाय राहत नाही.

माझ्या भाचीला पहिल्या पगारातून कॅमेरा घ्यायचा होता. आम्ही बोरा बाजारात गेलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरून फोर्टात शिरलं की लागणारी ही चिंचोळी गल्ली म्हणजे मुंबईतल्या कॅमेरावाल्यांची पेठ. दुकानं अरुंद, कपाटं छतापर्यंत, आणि काचेआड मांडलेल्या लेन्सवर जांभळी-हिरवी झाक. दुकानदाराने दोन लेन्सचा संच पुढे केला, 18-55 आणि 55-250.

“डबल किट घ्या, ताई. चंद्रसुद्धा येतो यात.”

भाचीचे डोळे चमकले. “मावशी, खरंच चंद्र येतो?”

येतो, खरंच येतो. चंद्रावरचे खड्डे दिसतात आणि ते पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. पण चंद्राचा फोटो एका पौर्णिमेला निघतो. मग उरतात घरची माणसं, रस्ता, गाव, सण, पाऊस. म्हणून मी तिला विचारलं, “चंद्रानंतर कुणाचा काढशील?” ती थोडं थांबून म्हणाली, “आजीचा.” खरेदीची दिशा तिथेच ठरली.

आजी स्वयंपाकघरात असते. तिथे उजेड खिडकीतून येतो, तोही दुपारपर्यंत. अशा जागी लेन्सचं तोंड किती उघडतं, याला महत्त्व येतं. 50 मिलिमीटरची एफ 1.8 लेन्स पूर्ण उघडली की तिच्यातून उजेड यायची वाट 28 मिलिमीटर रुंद असते. किटमधली 18-55 लेन्स 55 वर नेली की तिचं मोठ्यात मोठं छिद्र एफ 5.6 वर येतं, म्हणजे जेमतेम 10 मिलिमीटर. उजेडात जवळजवळ दहापटीचा फरक पडतो. फ्लॅश उडवला की आजी दचकते आणि भिंतीवर तिची काळी सावली चिकटते. उघड्या तोंडाची लेन्स असेल तर खिडकीचा आहे तेवढा उजेड पुरतो, आजी भाकरी थापत राहते, आणि मागची डब्यांची मांडणी विरघळून मऊ होते. खांद्यापासून वरचा चेहरा टिपायला 50 च्या लेन्सने तुम्हाला तिच्यापासून चार-साडेचार फुटांवर उभं राहावं लागतं. ओट्याच्या या टोकाशी उभं राहून गप्पा मारायचं हे अंतर आहे. यापेक्षा फार जवळ जाऊन 18 मिलिमीटरने चेहरा टिपला तर नाक मोठं दिसतं आणि कान मागे पडतात. दोष लेन्सच्या माथी मारला जातो, पण चेहऱ्याचा घाट ठरवतं ते अंतर. एखाद्याच्या किती जवळ उभं राहिलं की त्याचा चेहरा त्याचा राहतो, हे कॅमेरा डोळ्यांना शिकवतो.

दुकानात आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे लेन्स आणि बॉडी यांची सोयरीक. निकॉनच्या डी 3500 सारख्या नवशिक्यांच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. जुनी 50 मिलिमीटरची एएफ-डी लेन्स तिच्यावर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. एएफ-एस लेन्स घेतली की मोटर लेन्समध्येच मिळते. कॅननच्या ईएफ माउंटच्या, म्हणजे ईएफ जोडणीच्या, लेन्समध्ये मोटर पहिल्यापासूनच आहे. मात्र ईएफ-एस लिहिलेली लेन्स पुढे मोठ्या सेन्सरच्या, फुल फ्रेम बॉडीवर बसत नाही. निकॉनचा एफ माउंट 1959 चा, कॅननचा ईएफ 1987 चा. 2003 साली कॅननचा 300 डी आला, तेव्हा डिजिटल एसएलआर पहिल्यांदाच हजार डॉलरच्या आत मिळू लागला. त्याचा सेन्सर सहा मेगापिक्सेलचा होता. त्याच्यासोबत आलेली 18-55 लेन्स 2018 च्या 24 मेगापिक्सेलच्या 1500 डी वर आजही बसते. बॉडी म्हातारी होते, काच टिकते. म्हणून पैशाचा मोठा वाटा काचेला द्यावा.

2018 मध्येच निकॉनने झेड आणि कॅननने ईओएस आर ही मिररलेस घराणी बाजारात आणली आणि आरशाच्या, म्हणजे एसएलआर कॅमेऱ्याचा जमाना उतरणीला लागला. नवशिक्याच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, कारण उत्तम स्थितीतले आरशाचे कॅमेरे त्यामुळे सेकंड हँड बाजारात आले. घेताना बिल मागावं, शटर किती वेळा उडालं आहे तो आकडा पाहावा, मोकळ्या आकाशाचा एक फोटो एफ 16 वर काढून सेन्सरवरची धूळ शोधावी. लेन्समधून टॉर्चचा झोत पाठवून आत बुरशीचे बारीक तंतू आहेत का, ते बघावं. मुंबई-कोकणात चार महिने हवा ओली असते आणि बुरशीला लेन्सची काच मानवते. पावसाळ्यात लेन्स कपड्यांच्या कपाटात ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. एसीच्या खोलीतून थेट दमट गच्चीवर नेली की तिच्यावर वाफ धरते, म्हणून आधी बॅगेतच थोडी गरम होऊ द्यावी. निगा राखली तर हीच लेन्स तुमच्या मुलांच्या हाती जाईल.

पण मग आरशाचाच कॅमेरा का? माझं उत्तर डोळ्याशी जोडलेलं आहे. लेन्समधून आलेला उजेड 45 अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, वर घासलेल्या काचेवर चित्र उमटतं आणि प्रिझममधून ते सुलटं होऊन डोळ्यापर्यंत येतं. स्वस्त बॉडीत प्रिझमच्या जागी आरसेच जोडलेले असतात, त्यामुळे चित्र थोडं अंधूक, पण वाट तीच. मध्ये कुठे पडदा नाही, वीज नाही. कॅमेरा बंद असला तरी त्यातून दिसतं. आजीच्या गालावरून निघालेला उजेड जसाच्या तसा तुमच्या डोळ्यात शिरतो. दिवसभर पडद्यांकडे पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांना हे मोठं सुख आहे.

बटण दाबलं की आरसा वर उडतो, शटर उघडतं, आणि तेवढा क्षण डोळ्यापुढे अंधार होतो. जो क्षण टिपला गेला, नेमका तोच तुम्ही पाहिलेला नसतो. पूर्वी हा अंधार लांबत असे. आरसा वर गेला की पुढची फिल्म ओढेपर्यंत वरच राही. 1954 च्या असाहीफ्लेक्स 2 बी या जपानी कॅमेऱ्यात तो लगेच खाली यायला लागला. तरी निमिषाचा अंधार उरलाच, आणि मला तो हवासा वाटतो. माणूस पुढच्या क्षणी काय करणार, याचा अंदाज घेऊन बटण दाबावं लागतं. हा अंदाज जवळ राहूनच येतो. आजी भाकरी उलटण्याआधी किंचित मान कलती करते, हे चार फुटांवर चार सकाळी उभं राहिलेल्यालाच ठाऊक असतं.

होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि पुढे दिल्लीत त्यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागची वर्षं टिपली. त्यांच्याकडच्या रोलायफ्लेक्सला झूम नव्हता, लेन्स बदलायची सोयही नव्हती. फोटो हवा तर पायांनीच जवळ जायचं किंवा मागे सरायचं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ 1947-48 मध्ये भारतात होते. आयुष्यभर त्यांची मुख्य लेन्स राहिली 50 मिलिमीटरचीच, तीही 35 मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर. आपल्या छोट्या सेन्सरवर जवळपास तसंच दृश्य 35 मिलिमीटरची लेन्स देते. म्हणून ज्याला रस्त्यावर, माणसांत फिरायचंय त्याला मी 35 सुचवते, आणि ज्याला चेहऱ्यांची ओढ आहे त्याला 50. एक लेन्स लावून वर्षभर हिंडलं की ती अंगात मुरते. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच पाय योग्य जागी थांबायला लागतात.

वारीत हे फार स्पष्ट दिसतं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, तेव्हा उंच कड्यांवर लांब लेन्सची रांग लागते. त्या उंचीवरून वाट पांढरी होऊन वळताना दिसते आणि ते दृश्य भव्य असतं. पण त्याच घाटात, 35 ची लेन्स घेऊन दिंडीत चालणाऱ्याला काही वेगळं मिळतं. घामाने भिजलेला बुक्का, तुळशीवृंदावन सावरणारा हात, पायातली झिजलेली चप्पल. इथे फोटो काढण्याआधी बोलावं लागतं. “माउली, एक फोटो काढू?” असं म्हटलं की समोरची बाई हसते, कधी नको म्हणते, कधी विचारते, “कुठनं आलात?” तिने नको म्हटलं तर कॅमेरा खाली घ्यायचा. साठ फुटांवरून नकार ऐकू येत नाही, हीच लांब लेन्सची खरी अडचण आहे. माणसाला नाही म्हणता येईल एवढं जवळ असणं, हा त्याचा मान आहे.

पाखरांच्या बाबतीत हे सगळं उलटं होतं. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. मच्छीमार होडीतून तिथे नेतात. जाणता नावाडी बऱ्याच अंतरावर वल्हं थांबवतो. त्यापुढे होडी गेली की सगळे पक्षी एकदम उठतात, गुलाबी पंख आकाशभर उघडतात, आणि होडीतल्या लोकांना तो सोहळा वाटतो. पाखरांच्या लेखी ती धावपळ असते. चिखलात चोच घालून मिळवायचं पोट अर्ध्यावर राहतं आणि लांबच्या प्रवासासाठी साठवायचा जीव उगाच खर्ची पडतो. इथे 250, 300 किंवा त्याहून लांब लेन्स हवीच. इथे अदब म्हणजे दूर राहणं. घरटं असेल तर लांब लेन्स असूनही परत फिरावं.

म्हणजे लांब आणि आखूड यांत थोरली-धाकटी अशी लेन्स नाही. समोर कोण आहे, त्यावर अंतर ठरतं आणि अंतरावरून लेन्स ठरते. भाचीने त्या दिवशी सेकंड हँड बॉडी आणि नवी 50 ची लेन्स घेतली. 55-250 तिने दुकानातच राहू दिली. भिगवणला जायचं मनात पक्कं होईल तेव्हा ती सेकंड हँड मिळेलच.

कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की पैसे सगळे दुकानात संपवू नका. थोडे एसटीच्या तिकिटासाठी ठेवा आणि थोडे छपाईसाठी. पहिल्या महिन्यात ज्यांचे चेहरे टिपाल, त्यांचे फोटो चार बाय सहाच्या कागदावर छापून घ्या आणि ज्याचा त्याला हातात नेऊन द्या. फोनवर पाठवलेला फोटो इतर फोटोंत हरवतो. कागदावरचा देव्हाऱ्याशेजारी लागतो, आरशाच्या चौकटीत खोचला जातो. दुसऱ्या खेपेला गेलात की तुम्ही कॅमेरावाले पाहुणे राहत नाही. लोक चहा टाकतात, नातवंडांना हाक मारतात, खिडकीजवळची जागा मोकळी करून देतात. चांगला फोटो त्याच जागेवरून निघतो, आणि ती कुठल्याही लेन्सच्या किमतीत बसत नाही. ती त्या घरानेच द्यावी लागते.