वेताळाच्या मुलखातील भयविनोदपट

भयविनोदपट, म्हणजे ज्यात भीती आणि हसू एकाच प्रसंगाच्या पोटातून जन्माला येतात असा चित्रपट, हा बाहेरून आलेला प्रकार मानण्याची सवय पडली आहे. परंतु उज्जैन, देवास आणि धार या माळव्याच्या पट्ट्यात त्याची चौकट कॅमेऱ्याच्या कितीतरी शतके आधी घडलेली होती. वेताळपंचविशीतला राजा रात्री स्मशानातल्या झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि चालू लागतो; प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगतो, शेवटी कोडे घालतो, उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील असे बजावतो, आणि राजाने तोंड उघडताच पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त हा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, त्रिविक्रमसेन आहे, पुढच्या परंपरेने त्याच्या जागी उज्जैनचा विक्रम आणला, आणि त्याच विक्रमाचे बत्तीस पुतळ्यांचे सिंहासन सिंहासनबत्तिशीत धारच्या भोजराजाच्या हाती लागते. या रचनेतली काटकसर चित्रपट करणाऱ्याने बारकाईने पाहण्यासारखी आहे: एक माणूस, एक प्रेत, एक वाट आणि एक रात्र. राजाची प्रत्येक फसलेली खेप हसू आणते, पण राजाला प्रेत आणायला पाठवणाऱ्या जोगड्याच्या मनात शेवटी राजाचाच बळी देण्याचा बेत असल्यामुळे भीतीची गाठ कुठेही सैल होत नाही. रामानंद सागर यांनी १९८५ मध्ये दूरदर्शनसाठी केलेल्या ‘विक्रम और बेताल’ या मालिकेतली दृश्ये आज साधी वाटतात, तरीही अरुण गोविल यांच्या खांद्यावरून बोलणारा सज्जन यांचा पांढऱ्या केसांचा बेताल एका पिढीच्या स्मरणात पक्का बसला, त्याचे श्रेय या चौकटीलाच द्यावे लागते.

स्वतंत्र चित्रपट म्हणजे मोठ्या निर्मितीसंस्थेच्या पैशावाचून, निर्मात्याने स्वतः उभ्या केलेल्या भांडवलावर आणि स्वतःच्या निर्णयाने तयार झालेला चित्रपट. अशा भयविनोदपटांविषयी लिहिताना त्यांच्या तुटपुंजेपणालाच त्यांचे सौंदर्य ठरवण्याची एक प्रथा आहे, आणि ती या कलेचे नुकसान करते. पैशाची ओढाताण ही स्वतः गोड नसते. ती माणसाला एखादी युक्ती शोधायला भाग पाडते आणि त्या युक्तीतून कथेचा नेमका आशय व्यक्त होतो, तेव्हाच तिच्यातून गोडवा निघतो. सॅम रायमी यांच्या ‘द ईव्हिल डेड’ (१९८१) या चित्रपटात झाडांमधून झेपावत येणाऱ्या अदृश्य शक्तीची दृष्टी दाखवण्यासाठी कॅमेरा एका फळीवर बसवून ती फळी दोघांनी दोन टोकांना धरून धावत नेली. त्या धावण्यातला हेलकावाच त्या शक्तीचा स्वभाव ठरला. न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन यांनी ‘बॅड टेस्ट’ (१९८७) हा चित्रपट नोकरी सांभाळून, मुख्यतः सुट्टीच्या दिवशी, काही वर्षे खपून पुरा केला आणि त्यातले मुखवटे आईच्या स्वयंपाकघरातल्या भट्टीत भाजले. जपानमध्ये शिनइचिरो उएदा यांनी सुमारे ३० लाख येनमध्ये केलेला ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) तर सदतीस मिनिटांच्या एका अखंड दृश्याने सुरू होतो, आणि त्या दृश्यातले अवघडलेले थांबे, भरकटलेला कॅमेरा, अकारण लांबलेले संवाद या सगळ्या उणिवांमागे पडद्याआड काय धावपळ चालली होती हे पुढच्या भागात उलगडत जाते. आधी खटकलेली प्रत्येक चूक तिथे हशा घेते, कारण ती पटकथेच्या टप्प्यावरच विचारपूर्वक पेरलेली होती. कागदावर न पेरलेली चूक पडद्यावर कितीही निरागस दिसली तरी ती चूकच राहते, हा भेद पुष्कळ होतकरू दिग्दर्शकांच्या लक्षात येत नाही.

भय आणि विनोद या दोहोंचा खरा आधार वेळ हा आहे. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी धावतात, आणि दार उघडण्याआधीचा थांबा सात-आठ चौकटींनी कमी झाला तरी दचका विरतो, तेवढाच वाढला तरी विनोद शिळा होतो. भयाचा प्रसंग प्रेक्षकाला वाट पाहायला लावतो. विनोद बहुतेक वेळा भीतीच्या वस्तूत नसतो, ती वस्तू पाहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यात असतो, आणि म्हणून भूत दिसल्यानंतर कॅमेरा ज्या चेहऱ्याकडे वळतो त्या चेहऱ्यावरच या प्रकाराची सारी भिस्त असते. त्या चेहऱ्याच्या स्वतंत्र चित्रणाला प्रतिक्रियादृश्य म्हणतात. तुटपुंज्या खर्चाच्या चित्रीकरणात दिवस मावळू लागला, भाड्याचे दिवे परत करण्याची वेळ आली, की सर्वांत आधी गळते ते हेच. भुताची रंगभूषा करायला चार तास लागलेले असतात म्हणून भूत सहा कोनांतून टिपले जाते आणि घाबरणाऱ्या माणसाला एकही कोन मिळत नाही. मग संकलकाच्या हाती दृश्य तोडून दुसरीकडे नेण्यासाठी काहीच उरत नाही, थांबा लांबतो, आणि तो भरून काढण्यासाठी विनोदी ‘टुंग’ आवाज किंवा सूचक संगीत घातले जाते. प्रेक्षकाला कुठे हसायचे हे संगीताने सांगावे लागले, की तो प्रसंग हातचा गेला असे समजावे. यावर उपाय खर्चिक नाही: भुताचे कोन निम्मे करावेत आणि चेहऱ्यांना दुप्पट वेळ द्यावा.

दुसरी आणि अधिक सार्वत्रिक उणीव ध्वनीची. अंधुक चित्र प्रेक्षक सहन करतो, प्रसंगी त्यात गूढताही शोधतो, पण संवाद कळला नाही तर तो चित्रपटातून उठून बाहेर पडतो. धार शहरापासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर असलेल्या मांडूमध्ये ही अडचण एका विलक्षण रूपात भेटते. सागर तलावाच्या परिसरात दाई का महल आणि दाई की छोटी बहन का महल या दोन वास्तू आहेत, आणि तिथल्या एका जागी हाक दिली तर ती स्पष्ट परत येते, म्हणून ती प्रतिध्वनीसाठी प्रवाशांत प्रसिद्ध आहे. भयविनोदाच्या दृष्टीने यापेक्षा उत्तम देणगी कोणती असू शकते: एखाद्या भित्र्या तरुणाने मित्राला मारलेली हाक थोड्या अंतराने त्याच्याच आवाजात परत यावी, आणि पुढच्या वेळी ती परत येताना त्यातला एखादा शब्द बदललेला असावा. परंतु तिथे संवाद थेट ध्वनिमुद्रित केले तर प्रत्येक वाक्यावर आधीच्या वाक्याचा ओरखडा पडतो आणि संकलनात दोन तुकडे जुळत नाहीत. जाणकार ध्वनिमुद्रक अशा ठिकाणी संवाद कलाकाराच्या छातीजवळ लावलेल्या छोट्या मायक्रोफोनवर घेतो, जागेचा प्रतिसाद टाळी वाजवून वेगळा टिपतो, आणि कोणीही न बोलता मिनिटभर तिथली नुसती शांतता मुद्रित करतो. या मुद्रित शांततेला रूम टोन म्हणतात. दोन संवादांमधली फट याच शांततेने बुजवली जाते, आणि ती नसेल तर फटीत पडलेली पोकळी कानाला लगेच जाणवते. या कामाला पैसा फारसा लागत नाही. सर्वांना मिनिटभर गप्प उभे करण्याइतका धाक मात्र लागतो, आणि तेवढा धाक घाईच्या चित्रीकरणात क्वचितच शिल्लक असतो.

मांडूच्या वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे चित्रीकरणाला परवानगी आणि शुल्क लागते, आणि सूर्यास्तानंतर आत थांबता येईलच असे नसते. त्यामुळे जहाज महालात मध्यरात्रीचा प्रसंग रंगवण्याचे स्वप्न लहान चमूने सोडून द्यावे हे बरे. दिवसा चित्रण करून रंगसंस्कारात निळसर अंधार आणण्याची जुनी पद्धत आहे, पण आभाळ चौकटीत आले की ती उघडी पडते. मांडूचा खरा मित्र पावसाळा आहे: सुमारे दोन हजार फूट उंचीच्या त्या पठारावर ढग खाली उतरतात, भर दुपारी रूपमतीच्या छत्र्या दिसेनाशा होतात, आणि धूरयंत्राचे भाडे वाचते. उन्हाळ्यात तिथे गोरखचिंच कामाला येते. मांडूच्या परिसरात आफ्रिकी मूळ असलेली ही झाडे जागोजाग उभी आहेत. बुंधा चार-पाच माणसांच्या कवेत न मावणारा, साल राखाडी आणि गुळगुळीत, पाने गळाल्यावर फांद्या मुळांसारख्या आभाळात पसरलेल्या, आणि त्यांच्यावरून लांब देठांना लोंबणारी मखमली सालीची फळे. त्या फळांतला आंबट गर ‘मांडूची इमली’ म्हणून रस्त्याकडेला विकला जातो. वेताळाला याहून चांगले झाड देशात सापडणे अवघड आहे, आणि त्याच झाडाखाली चिंच विकणारी बाई भुताला गिऱ्हाईक समजून भाव सांगते असा प्रसंग लिहिण्यासाठी कोणत्याही तंत्रज्ञानाची आवश्यकता नाही. एक सूचना मात्र आवश्यक आहे: खोटे रक्त काकवी किंवा साखरेच्या पाकात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घालून केले जाते, आणि माळव्याच्या उन्हात ते अंगावर लावल्यावर मुंग्या-माश्या क्षणात जमतात, म्हणून ते चित्रणाच्या अगदी आधी लावावे.

मराठी चित्रपटाला या प्रकाराची चांगली सवय आहे. द. मा. मिरासदार यांच्या लेखणीतून उतरलेल्या ‘एक डाव भुताचा’ (१९८२) या चित्रपटातले भूत ग्रामीण विनोदी कथेच्या बोलीत बोलते आणि त्यामुळेच घरचे वाटते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटामागे ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाची प्रेरणा होती, परंतु रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू हा बाहुला मराठी घराघरांत पोहोचला, कारण लक्ष्मीकांत बेर्डे त्याला कधीही खेळणे समजून वागले नाहीत. त्यांची घाबरगुंडी संपूर्ण प्रामाणिक आहे आणि हसू तिच्यातूनच येते. आदित्य सरपोतदार यांनी ‘झोंबिवली’त (२०२२) डोंबिवलीचे पाणी आणि गृहसंकुल कथेच्या मुळाशी ठेवले, आणि ‘मुंज्या’त (२०२४) कोकणातल्या, मुंजीनंतर पण सोडमुंजीआधी मेलेल्या मुलाच्या समजुतीला हिंदी पडदा दिला. हे चित्रपट स्वतंत्र निर्मितीच्या काटेकोर व्याख्येत बसत नाहीत, तरी त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती अशी की भूत गावचे असेल तर विनोदही गावचा होतो. मध्य प्रदेशातल्या चंदेरीत चित्रित झालेल्या ‘स्त्री’ने (२०१८) कर्नाटकातल्या ‘नाळे बा’ या भिंतीवर लिहिण्याच्या समजुतीला विणकरांच्या त्या गावात आणून नायकाला शिंपी केले, आणि गाव पार्श्वभूमीवरून उठून पात्र झाले. मांडूला आजवर ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६) आणि ‘किनारा’ (१९७७) यांसारख्या चित्रपटांत मुख्यतः प्रणय आणि विरहाचे अंगण म्हणून जागा मिळाली. मांडूच्या भयाला आणि थट्टेला वाव देण्याचे काम बाकी आहे.

सामग्रीची तर उणीवच नाही. मराठी माणसाला ठाऊक असलेली सर्वांत प्रसिद्ध भुताची हाक शनिवारवाड्यातल्या नारायणराव पेशव्यांची. १७७३ मध्ये झालेल्या त्यांच्या खुनानंतर संशयाचे ओझे घेऊन वावरणाऱ्या आनंदीबाईंनी गरोदरपणी धारच्या पवारांच्या किल्ल्यात आश्रय घेतला आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म जानेवारी १७७५ मध्ये तिथे झाला. ज्या भुताला पुण्यात वर्षानुवर्षे एकच वाक्य ओरडावे लागते, ते आपली तक्रार घेऊन धारच्या किल्ल्यापर्यंत चालत आले तर काय होईल, ही कल्पना एका पूर्ण चित्रपटाला पुरेल. देवासमध्ये पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने एकाच गावात, आपापला राजवाडा, दरबार आणि फौज घेऊन १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत नांदली. थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे १९२१ मध्ये सचिव म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात त्या दुहेरी कारभाराचे वर्णन केले आहे. अशा गावात हद्दीवर मेलेला माणूस कोणत्या दरबाराचे भूत हा प्रश्न खराखुरा प्रशासकीय प्रश्न ठरतो, आणि दोन्हीकडचे कारकून त्यावर जितक्या गांभीर्याने कागद रंगवतील तितका प्रेक्षक अधिक हसेल. भाषेचाही इथे मोठा आधार आहे: अठराव्या शतकातला सरदार दरबारी मराठीत खडसावतो आणि आजचा देवासचा मराठी मुलगा हिंदी-माळवी मिसळलेल्या मराठीत उत्तर देतो, तेव्हा दोघेही एकाच कुळाचे असून एकमेकांना परके ठरतात. ही बोली बाहेरच्या नटाकडून नक्कल करून घेऊ नये. मालेगावात शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) सारखे चित्रपट गावातल्याच माणसांना घेऊन केले. त्यांना मिळालेल्या प्रेमाचे कारण त्यांची गावची बोली हे आहे, बैलगाडीवर चढवलेला कॅमेरा हे नंतरचे.

एका ठिकाणी मात्र या प्रकाराची उणीव तंत्राची राहत नाही, ती विचाराची होते. हडळ, जखीण, चुडैल ही स्त्रीभुते भयविनोदपटांत इतक्या सहजपणे येतात की त्यांच्यामागचे वास्तव नजरेआड होते. धार जिल्ह्यात आदिवासी, विशेषतः भिल्ल समाज बहुसंख्य आहे, आणि पश्चिम मध्य प्रदेशातल्या या पट्ट्यात एखाद्या एकट्या, विधवा किंवा जमीन नावावर असलेल्या बाईला ‘डाकण’ ठरवून मारहाण झाल्याच्या, प्रसंगी जीव घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. अशा भूमीत उलट्या पायांच्या बाईला पाहून गाव पळते आणि शेवटी भगत तिला झाडाला बांधतो एवढ्यावर हसू मागणारा चित्रपट त्या गावातल्या कुठल्यातरी जिवंत बाईच्या अंगावर काठी उगारतो, हे दिग्दर्शकाने विसरता कामा नये. विनोद सोडण्याची गरज नाही. त्याचे टोक बाईकडून भगताकडे, आणि भगताकडून त्याच्या आरोपामागे जमिनीचा कागद घेऊन उभ्या असलेल्या दिराकडे वळवायला हवे. असे केल्याने भीती कमी होत नाही, उलट वाढते, कारण ती ओळखीची होते.

लांबीविषयी थोडक्यात सांगता येईल. पुष्कळ लहान चित्रपट पंचेचाळीस मिनिटांची गोष्ट दोन तासांवर ताणतात, कारण चित्रपटगृहात लागण्याजोगी लांबी हवी असे कोणीतरी सुचवलेले असते. वेताळाची एकेक गोष्ट किती आटोपशीर आहे याची आठवण अशा वेळी उपयोगी पडते. काय काढावे हे संकलनाच्या खोलीत ठरवणे कठीण असते, म्हणून कच्चा तुकडा पहिल्यांदा चित्रीकरण झालेल्या गावातच, शाळेच्या पटांगणावर किंवा मंगल कार्यालयात पडदा बांधून दाखवावा, दिग्दर्शकाने पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांत बसावे, आणि लोक कुठे हसले, कुठे मुले आईला बिलगली, कुठे माणसे पाणी प्यायला उठली याची मिनिटासह नोंद करावी. त्या नोंदींनुसार पुन्हा काटछाट करायला संकलकाचा निदान एक आठवडा लागतो, आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात चित्रीकरणाच्या आधीच बाजूला काढून ठेवावे लागतात.