मातेरं

पंजाबातून आलेलं हार्वेस्टर गव्हात फिरत होतं. बांधावर एकजण फोनवर सांगत होता, "गारपिटीनं कांद्याचं पार मातेरं केलं बघ." तेवढ्यात नळीतून ट्रॉलीत गहू कोसळू लागला. खडा नाही, माती नाही. मी मात्र त्या शब्दापाशीच अडकलो.

मातेरं म्हणजे नासाडी, हे नंतरचं. रास उचलल्यावर खळ्यात मातीत मिसळून उरतं ते धान्य म्हणजे मातेरं.

आमचं खळं ज्वारीचं. शेणानं सारवलेलं, मधोमध तिवडा, पातीला पाच बैल. म्हातारा बैल तिवड्याशी, त्याला चाल कमी. खोंड कडेला, तिथं फेरा मोठा. माझ्याकडे पाटी. बैलानं शेपूट उचललं की पुढं करायची. कणसांवर शेण पडता कामा नये. दोन दिवसांत मला चालीवरूनच कळू लागलं, आता कोणता बैल थबकणार. आजोबा पहिले काही फेरे मुसकी बांधत नसत. "तुडवतोय तो, पहिला घास त्याचा." उन्हं कलली की आजी पाटी घेऊन वावडीवर चढायची. भूस वाऱ्यावर जायचं, दाणे खाली पडायचे. वारा पडला की सगळे थांबायचे. वाऱ्यासाठी अशी गप्प बसून राहिलेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. सुतार, लोहार आपापला वाटा नेत. शेवटी एक म्हातारी यायची आणि अंधार पडेतो मातेरं पाखडत बसायची. ते तिच्या हक्काचं, असं घरात म्हणत. तिची पाठ किती दुखत असेल, हे तेव्हा मनात आलं नाही.

यंत्र मातेरं ठेवत नाही. उफणणीच्या धुळीनं खोकणारी आजी आठवली की मला यंत्र हवंसंच वाटतं.

यंत्रानं जनावरं हटवली ती काही आपल्याकडेच नाही. अमेरिकेच्या शेतांवर १९२० साली अडीच कोटी घोडे आणि खेचरं होती. १९६० पर्यंत तीसेक लाख उरली. वॉशिंग्टन राज्यात पलूस नावाचा गव्हाचा डोंगराळ मुलूख आहे, नाव अगदी आपल्या सांगलीकडच्या पलूससारखं. तिथं कापणी-मळणीचं एकेक अवजड यंत्र तीस-तीस घोडे ओढत. हाकणारा उंच बैठकीवर, पुढचे घोडे चाबकाच्या टप्प्याबाहेर. म्हणून तो जवळ खडे ठेवायचा. कोण अंग चोरतोय ते एवढ्या पाठींमधून ओळखायचं आणि खडा नेमका त्यालाच मारायचा.