अठरा फुटी की अठ्ठावीस फुटी?

मी पुण्याचा. पाण्याशी माझा संबंध खडकवासल्याच्या काठावर भाजलेलं कणीस खाण्यापुरता. मिशिगनला आलो आणि गल्लीत एका घराआड एक ट्रेलरवरची बोट दिसायला लागली. डेट्रॉइटजवळचा लेक सेंट क्लेअर पाहिला, तेव्हा मीही घसरलो. आता प्रश्न एवढाच: १८ फुटी उघडी बोट घ्यायची, की २८ फुटी केबिनवाली?

मनाचा कौल मोठीलाच होता. आत झोपायला जागा, छोटासा ओटा, चक्क संडास! गणपतीला घरी येणारे चौदा पाहुणे मी मनातल्या मनात तिच्यात बसवूनही टाकले.

आधी छोटी चालवून पाहिली. स्टिअरिंगजवळ एक पाटी होती: जास्तीत जास्त सात माणसं. २० फुटांहून लहान बोटींवर अशी पाटी कायद्यानेच लागते. इंजिन मागे टांगलेलं. त्याच्या स्विचची लाल दोरी माझ्या लाइफ जॅकेटला अडकवली होती, मी पाण्यात पडलोच तर इंजिन बंद व्हावं म्हणून. ती बघून धीर येण्याऐवजी होता तोही गेला. हा तलाव अवाढव्य, पण सरासरी खोली जेमतेम ११ फूट. उथळ पाण्यात वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात. एकीतून सावरेपर्यंत दुसरी आदळते. अर्ध्या तासात माझी कंबर खिळखिळी झाली. बायकोने कठडा सोडला नाही.

मग मोठी. हिचं पेट्रोल इंजिन पोटात, म्हणून चालू करण्याआधी चार मिनिटं पंखा लावून आत साठलेली वाफ बाहेर काढायची. त्याच लाटांवर ही हत्तिणीसारखी डुलत गेली. ठरलंच म्हणायचं, तोवर धक्क्याला लावायची वेळ आली. बोटीला ब्रेक नसतो, हे मला तिथे कळलं. थांबायचं तर गिअर उलटा टाकायचा. स्टिअरिंग फिरवलं की आधी मागची बाजू बाहेर जाते. त्यात केबिनची उंच भिंत म्हणजे जणू शीडच. बाजूने वारा आला आणि आम्ही शेजारच्या बोटीकडे तिरके सरकू लागलो. पुढे उभ्या असलेल्या बायकोने फेकलेला दोर दोनदा पाण्यात पडला. शेवटी विक्रेत्याने लिव्हर माझ्या हातातून काढून घेतला.

रात्री हिशेब मांडला. मोठीची रुंदी साडेआठ फुटांच्या वर, म्हणजे खास परवान्याशिवाय ती रस्त्यावरून ओढून नेता येणार नाही. मग धक्क्यावर भाड्याची जागा आली, आणि ते भाडं बोटीच्या फुटांवर. हिवाळ्यात पाणी गोठण्याआधी बोट बाहेर काढायची, नळ्यांमध्ये अँटिफ्रीझ भरायचं, ते वेगळंच. छोटी आमच्या गॅरेजसमोर मावत होती.

तरीही मी पाहुण्यांचा विषय काढलाच. बायको म्हणाली, "अरे, ते चौदाजण वर्षातून एकदा येणार. एरवी दोर धरायला मी एकटीच आहे."

छोटी घेतली. आता शनिवारी चहाच्या आधी वाऱ्याचा अंदाज बघतो. वारा जोरात असला की बोट ट्रेलरवरच राहते. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना मी ऐटीत सांगितलं, चौदाजण म्हणजे दोन फेऱ्या. तीन लागल्या. पाटीवरच्या सात माणसांत चालवणाराही धरलेला असतो.