तगादा आणि आपला जीव

रविवार, रात्र.

जानेवारी 2023 मधली आमच्या सातपूरची ती बातमी आठवली की अजून पोटात कालवतं. सावकारी तगाद्याला कंटाळून एका बापानं आणि त्याच्या दोन तरुण मुलांनी आयुष्य संपवलं.

एमआयडीसीत कंत्राटी पगारावर घर चालवणाऱ्याला एक आजारपण पुरतं. हप्ता थकतो, फोन सुरू होतात. शेजाऱ्यांसमोर दारात उभं राहून बोललेलं तर फार लागतं.

देणं नाकारायचं नाही. पण धमकावणंही सोसायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार बँका आणि फायनान्स कंपन्यांना वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. सूक्ष्मकर्जासाठी फोन करायची वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6 आहे. घरच्यांना, मित्रांना त्रास देणंही नियमाविरुद्ध. विनापरवाना सावकारी राज्याच्या 2014 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे किंवा पोलिसांत करता येते.

उद्या पाळी सुटली की सोबतच्यांना हे सांगणार आहे. आणि एवढंच विनवणार आहे: घरात बोला, एकट्यानं सोसू नका. कुठलंही कर्ज जिवापेक्षा मोठं नाही.