झिजलेला बुद्ध

आज पुन्हा औसा तालुक्यातल्या खरोसा लेण्यांत गेलो. साधारण सहाव्या शतकातली. दगड जांभा, ठिसूळ. बुद्धाचे नाकडोळे झिजून गेलेत. बसण्याची ढब तेवढी उरलीय, आणि तेवढ्यावर तो ओळखू येतो.

ते पाहून चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवले. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, झेनमध्ये रमलेले. रोलरनं, पॅलेट नाइफनं रंग चढवायचे, खरवडायचे, चित्रं मोजकीच. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना रुचत नसे. मलाही नाही, पण दुसरा सापडत नाही.

पौष पौर्णिमेला नांदेडजवळ दाभडच्या बावरीनगरला धम्म परिषदेत सगळीकडे पांढरी वस्त्रं पाहिली होती. परतल्यावर कागदावर नुसते पांढरे थर दिले. बायको म्हणाली, “अजून सुरुवातच नाही का?”

कागद तसाच भिंतीला टेकवून ठेवलाय.